लाकडापासून फायबरपर्यंत : एका छोट्या होडीचा इतिहास

शाळेच्या आठवणी लिहिणारे आपल्या तुकडीत पुष्कळ आहेत, तेव्हा तू तुझ्या होड्यांबद्दल लिही, असे संपादक मंडळाने बजावले. भेटल्यावर बरेच जण मला विचारतात, "काय, मच्छीमारांच्या बोटी बांधतोस ना?" त्याही कधीमधी दुरुस्तीला येतात. पण गेली पंचवीसेक वर्षे आमच्या वर्कशॉपमधले मुख्य काम वेगळेच आहे. मुलांना शीड हाकायला शिकवण्यासाठी लागणाऱ्या आठ फुटी फायबरच्या होड्या आम्ही बांधतो. अशी होडी कुठून आली आणि तिच्यामुळे कोणाचे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. इतिहासाच्या बाई हे वाचणार आहेत हे लक्षात ठेवून सनावळ्या तपासून घेतल्या आहेत.

होडी दिसायला अगदी साधी. एक मूल बसेल एवढी जागा, एक डोलकाठी, एक शीड, मागे सुकाणू आणि मध्ये वरखाली करता येणारी एक फळी. ही फळी पाण्यात उतरवली नाही तर होडी वाऱ्याबरोबर खेकड्यासारखी आडवी सरकते. पुढचे टोक नेहमीच्या नाळेसारखे निमुळते नसून पेटीसारखे बोथट असते. ऑप्टिमिस्ट नावाच्या जगप्रसिद्ध होडीच्या धर्तीवर ती असते. ऑप्टिमिस्ट हे नाव लावून शर्यतीची होडी बांधायला त्या वर्गाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा परवाना लागतो. आमच्या होड्या सरावाच्या. मुंबईच्या समुद्रात किंवा हैदराबादच्या हुसेनसागरात रंगीत टिकल्यांसारखी छोटी शिडे तुम्ही पाहिली असतील, तर ही मंडळी तीच.

आधी आपल्या खाडीकडे वळू. आपण लहान होतो तेव्हा भाट्याच्या खाडीत, राजिवड्याच्या बाजूला, लाकडी होड्या बांधल्या जात. आपल्या आजोबांच्या काळात याच किनाऱ्यावरून गलबते, पडाव आणि मचवे शिडावर मुंबईला कौले, लाकूडफाटा आणि माणसे नेत. सागवान, आईन, फणस ही लाकडे वापरात असत. फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, पाण्याखालच्या भागाला तेल चोपडायचे, आणि दर पावसाळ्यात होडी ओढून वर घ्यायची. कागदावरचा नकाशा नसे. बांधणाऱ्याच्या डोळ्यात आणि हातात जे असेल तोच नकाशा. १९५० आणि ६० च्या दशकांत मच्छीमारीत इंजिने आली आणि शीड हळूहळू उतरले. होडी राहिली, वारा गेला. म्हणून आपल्या पिढीतल्या किनाऱ्यावरच्या मुलांनासुद्धा इंजिनाची टकटक ठाऊक, पण वारा कुठल्या बाजूने घ्यायचा हे ठाऊक नाही.

नेमक्या याच सुमारास तिकडे अमेरिकेत उलटा प्रवास सुरू होता. १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लिफर्ड मॅके नावाच्या गृहस्थांनी ऑप्टिमिस्ट क्लबपुढे एक कल्पना मांडली. तिथली मुले लाकडी खोक्यांना चाके लावून उतारावर शर्यती लावत. तशीच स्वस्त, घरी बांधता येण्यासारखी होडी मुलांना मिळाली तर? होडी बांधणाऱ्या क्लार्क मिल्स यांना हे काम सांगितले गेले. प्लायवूडचा पत्रा आठ फूट लांब आणि चार फूट रुंद मिळतो. तेवढ्यातच होडी बसवायची, असा हिशेब. म्हणून तिची लांबी सात फूट नऊ इंच झाली, आणि म्हणूनच टोक बोथट राहिले. निमुळती नाळ काढायला फळी वाकवावी लागते, कौशल्य लागते, खर्च वाढतो. बोथट टोक बाप आणि मुलगा मिळून घराच्या पडवीत बांधू शकतात. मिल्स यांनी हा आराखडा क्लबला देऊन टाकला. पन्नासच्या दशकात ॲक्सेल डॅमगार्ड नावाच्या डॅनिश गृहस्थांनी ती डेन्मार्कला नेली आणि तिथून ती युरोपभर पसरली. १९६२ मध्ये तिची पहिली जागतिक स्पर्धा इंग्लंडमध्ये झाली, आणि १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

घरी होडी बांधण्याच्या या लाटेतली आणखी एक होडी मला फार आवडते. १९६३ साली इंग्लंडमध्ये 'मिरर' नावाची छोटी होडी बाजारात आली. जॅक होल्ट हे होड्यांचे रचनाकार आणि बॅरी बकनेल हे दूरदर्शनवर घरगुती सुतारकाम शिकवणारे, या दोघांची ती निर्मिती. डेली मिरर या वर्तमानपत्राने ती पुढे आणली म्हणून शीड लाल. कापलेले प्लायवूडचे तुकडे पेटीत घालून घरी येत. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. तुकड्यांच्या कडांना भोके पाडायची, तांब्याच्या तारेने ते चक्क शिवायचे, आणि सांध्यावर फायबरग्लासची पट्टी रेझिनने चिकटवायची. झाली होडी. अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या बनल्या.

शिवलेली होडी म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाने कान टवकारायला हवेत. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर शेकडो वर्षे फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवत असत. चौदाव्या शतकातल्या इब्न बतूताने भारत आणि येमेनची जहाजे काथ्याने शिवलेली असतात असे नोंदवले आहे. शिवलेली होडी खडकाला घासली तर थोडी लवते, चटकन फुटत नाही. इंग्लंडमधल्या बापलेकांनी पडवीत जे केले त्याचे मूळ सूत्र आपल्या किनाऱ्याला जुनेच होते. फक्त काथ्याच्या जागी तांब्याची तार आली, आणि डिंक-तेलाच्या जागी काच आणि रेझिन.

आता ही काच कुठून आली? १९३२ साली अमेरिकेतल्या ओवेन्स-इलिनॉय या काचेच्या कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेच्या विटा जोडण्याच्या प्रयत्नात होता. वितळलेल्या काचेवर दाबाची हवा लागली आणि काचेचे केसासारखे बारीक धागे उडाले. हवे होते एक, निघाले दुसरेच. त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांनी त्यातून उद्योग उभा केला, आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग फायबरग्लास ही कंपनी निघाली. धागा मिळाला, पण नुसत्या धाग्याची होडी होत नाही. त्याला धरून ठेवणारे काहीतरी लागते. ते पॉलिएस्टर रेझिनच्या रूपाने त्याच दशकात आले. १९४२ साली ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी रे ग्रीन यांनी काच आणि पॉलिएस्टर यांची शिडाची छोटी होडी बनवली. फायबरच्या होड्यांचा इतिहास सहसा तिच्यापासून मोजतात. युद्धात विमानांच्या भागांसाठी या रेझिनवर पुष्कळ काम झाले, आणि युद्ध संपल्यावर ते ज्ञान होडीवाल्यांच्या हाती आले.

जुन्या कारागिरांना हे अजिबात रुचले नाही. एल. फ्रान्सिस हेरेशॉफ हे अमेरिकेतले नामवंत रचनाकार या पदार्थाला गोठलेला शेंबूड म्हणत, असे सांगतात. आमच्या वर्कशॉपमध्ये नवा पोरगा पहिल्यांदा रेझिनमध्ये बोटे घालतो तेव्हा हेरेशॉफसाहेबांची आठवण येतेच.

तरीही फायबर जिंकले. ते हलके आहे, कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. पण छोट्या शिडाच्या होड्यांच्या बाबतीत खरे कारण वेगळे. शर्यतीत दोन मुलांमधला फरक दिसायला हवा, दोन होड्यांमधला नव्हे. हाताने बांधलेल्या दोन लाकडी होड्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. एका साच्यातून निघालेल्या दोन होड्या जवळजवळ सारख्या असतात. १९६९ मध्ये ब्रूस कर्बी यांनी टेलिफोनवर बोलता बोलता काढलेल्या रेखाटनातून 'लेझर' ही होडी जन्मली आणि १९७१ मध्ये बाजारात आली. ती पहिल्यापासून फायबरचीच. दोन लाखांहून अधिक लेझर बनल्या आणि १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. पडवीत बांधण्यासाठी जन्मलेली ऑप्टिमिस्टसुद्धा फायबरची झाली, आणि १९९५ पासून सगळ्या ऑप्टिमिस्ट काटेकोरपणे एकसारख्या असाव्यात असा नियम आला. रिकाम्या सांगाड्याचे वजन ३५ किलोपेक्षा कमी चालत नाही.

आपल्या शाळेच्या वर्षांतही हे घडत होते, आपल्याला पत्ता नव्हता एवढेच. १९८२ च्या एशियाडमध्ये आपण सहावीत असताना दिल्लीतल्या स्टेडियमची चित्रे वहीत चिकटवत होतो. त्या एशियाडच्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवले. आपण दहावीच्या प्रिलिमला बसलो त्या सुमारास, जानेवारी १९८७ मध्ये, लष्कराच्या इंजिनिअर्सची 'तृष्णा' पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईत परतली. ३७ फुटांची ती नौकाही फायबरचीच होती. आणि अगदी अलीकडे, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मध्य प्रदेशातल्या देवासच्या नेहा ठाकूरने लेझरच्याच कुळातल्या छोट्या होडीत रौप्यपदक मिळवले. शेतकऱ्याची मुलगी, जिल्ह्याला समुद्र नाही, शिकली भोपाळच्या तलावावर. एकसारखी, टिकाऊ आणि संस्थेला परवडणारी होडी नसती तर हे झाले नसते.

आता वर्कशॉपमध्ये या. फायबरची होडी बांधायची तर आधी लाकडाची होडी बांधावी लागते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. हुबेहूब होडीच्या आकाराचा एक भरीव नमुना करतात. त्याला आम्ही प्लग म्हणतो. आडवे फर्मे उभे करायचे, त्यांवर लाकडी पट्ट्या ठोकायच्या, पुट्टी भरायची, आणि मग घासायचे. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, पुढे २२०, ४००, शेवटी पाणी लावून १०००. त्यावर मेणाचे हात द्यायचे आणि बाहेरून काच-रेझिनचे जाड थर चढवून साचा घ्यायचा. प्लगवर नखाएवढा खळगा राहिला तर तो साच्यात उतरतो, आणि साच्यातून पुढच्या प्रत्येक होडीत.

साचा तयार झाला की काम उलट्या क्रमाने होते. म्हणजे होडीचा बाहेरचा रंग सर्वांत आधी लागतो. मेण घासलेल्या साच्यात जेलकोट नावाचा रंगीत थर द्यायचा, साधारण अर्धा मिलिमीटर. बोट लावले तर चिकट लागावा पण बोटाला येऊ नये, इतका सुकला की त्यावर काचेची मॅट अंथरायची आणि ब्रशने रेझिन भिजवायचे. मग लोखंडी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर म्हणजे ढोबळमानाने एक मिलिमीटर जाडी. रेझिनमध्ये हार्डनर शेकडा एक-दोन टक्के. मे महिन्यात तोच कमी करावा लागतो, नाहीतर डब्यातच रेझिन तापून दगड होते. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, स्फोट होतो. हे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो आणि दर आठवड्याला पुन्हा सांगतो. जुलैत हवेतल्या दमटपणाने थर पांढुरका पडतो, म्हणून पावसात आम्ही नवीन काम कमी आणि दुरुस्ती जास्त करतो.

आमच्या होडीचा प्लग १९९८ साली केला आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या वडिलांनी. नाव छापलेले त्यांना आवडले नसते, म्हणून लिहीत नाही. खाडीकडच्या सगळ्यांना ते मिस्त्रीकाका म्हणून माहीत आहेत. त्यांनी आयुष्यभर लाकडी होड्या बांधल्या होत्या. काम सुरू करताना त्यांनी माझ्याकडचा कागदावरचा आराखडा पाहिला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "मापं तू सांग, गोलाई मी बघतो." लवचीक पट्टी प्लगवर ठेवून ते एका टोकाकडून डोळा लावत. मग डोळे मिटून तळहात फिरवत आणि खडूने खूण करत. खूण केलेल्या जागी पट्टी टेकवली की खाली प्रकाशाची बारीक रेघ दिसायची. आपले कार्यशाळेचे सर रंधा मारताना सांगायचे, "डोळा फसवतो, हात नाही." ते वाक्य मला त्या दोन महिन्यांत समजले.

साचा निघाला. प्लगचे काम संपले, तेव्हा काकांनीच तो मोडून चांगल्या पट्ट्या वेगळ्या काढल्या. त्या साच्यातून आजवर साठाच्या वर होड्या निघाल्या. मुंबईत, गोव्यात, आतल्या धरणांवरच्या क्लबांत त्या आहेत. प्रत्येकीची गोलाई काकांच्या तळहाताची आहे.

मला जे सांगायचे आहे ते इथे आहे. फायबरने सुतार संपवला असे सगळे म्हणतात. माझ्या अनुभवात तसे नाही. फायबरला सुतार लागतोच, आणि पूर्वीपेक्षा चांगला लागतो, कारण त्याची चूक साठ वेळा छापली जाते. पण तो लागतो एकदाच. पूर्वी साठ होड्यांना साठ वेळा मजुरी होती आणि साठ वेळा एखादा पोरगा हाताशी राहून शिकत होता. आता साठ होड्यांना दोन महिन्यांची मजुरी. वीस वर्षांतून एकदा लागणाऱ्या कौशल्यावर घर चालत नाही, आणि ज्यावर घर चालत नाही ते कोणी मुलाला शिकवत नाही. काकांनी मुलाला बँकेच्या परीक्षेला बसवले. बाप म्हणून ते बरोबरच होते. काका गेले त्याला आता नऊ वर्षे झाली. साचा अजून आहे, पण झिजतो आहे. मेण पूर्वीसारखे धरत नाही.

नवीन प्लग आता संगणकावर आखून यंत्राने फोमच्या ठोकळ्यातून कापून मिळतो. तोही वाईट नसतो. पण त्यावर पुट्टी भरून शेवटचा हात फिरवायला माणूस लागतोच, आणि तो हात कुठून आणायचा हा प्रश्न यंत्र सोडवत नाही.

फायबरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर जाहिरात होईल. रेझिनमधल्या स्टायरीनचा वास डोक्यात जातो. घासताना उडणारी काचेची धूळ अंगाला खाजते आणि छातीला वाईट. आमच्याकडे मास्क न लावता घासायला बसलेल्याला मी उठवतो. आणि लाकडी होडी मेली की माती होते, चुलीत जाते. फायबरची होडी कुजत नाही हा तिचा गुण आणि तोच तिचा शाप. मोडक्या होड्यांचे सांगाडे खाड्यांच्या कडेला वर्षानुवर्षे पडून असतात. जाळायच्या म्हटले तर विषारी धूर. त्यावर चांगला उपाय अजून हाती आलेला नाही. आमच्यापुरता उपाय एकच. शक्य तितकी जुनीच दुरुस्त करायची.

लाकूड आणि काच यांचे वैर असलेच पाहिजे असे मात्र नाही. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत नौदलाची 'म्हादेई' बांधली गेली. ५६ फुटांची ही नौका २००९ मध्ये नौदलाकडे आली. तिचा सांगाडा सीडर लाकडाच्या पट्ट्यांचा आणि त्यावर काच व इपॉक्सीचे कवच. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. तिची धाकटी बहीण 'तारिणी' २०१७ मध्ये आली, आणि वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरून आल्या. पुढे दांडेकर यांच्याच 'होडी इनोव्हेशन्स'ने केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली अजिंठ्याच्या चित्रावरून काथ्याने शिवलेले जहाज बांधले. 'कौंडिण्य' नावाचे ते जहाज मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झाले. फायबरमध्ये नाव कमावलेल्या माणसाने शिवलेले जहाज उभे केले, आणि त्यासाठी शिवणारे हात अजून जिवंत होते म्हणून ते झाले. दहा-वीस वर्षांनी कोणी विचार केला असता तर कदाचित जमले नसते.

म्हणून स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने एक प्रस्ताव मांडतो. जमलेल्या निधीतून शाळेला काय द्यायचे यावर चर्चा चालू आहे. प्रोजेक्टर आणि पाण्याची टाकी यांना माझा विरोध नाही. त्याबरोबर शाळेच्या कार्यशाळेत आठवी-नववीच्या मुलामुलींकडून दोन छोट्या होड्या बांधून घेऊ. साच्यातल्या नव्हेत, प्लायवूड तारेने शिवून, सांध्यावर काचेची पट्टी लावून. एका होडीला मोजके पत्रे, थोडे रेझिन आणि शनिवारच्या दुपारी लागतील. रेझिन, काच आणि मास्क मी देतो, शिकवायलाही येतो. रेझिनचे काम मोठ्यांनीच करायचे, लाकडाचे मुलांनी. मिस्त्रीकाकांचा वाकस, दोन रंधे आणि ती लवचीक पट्टी त्यांच्या मुलाने माझ्याकडे जपायला दिली आहेत. शाळेच्या कपाटात ठेवायला त्याची हरकत नाही, फक्त ती वापरली जावीत अशी त्याची अट आहे. कार्यशाळेच्या सरांना विचारले तर त्यांनी कधीपासून सुरू करायचे एवढेच विचारले. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला शनिवार मी मोकळा ठेवला आहे. ज्यांना हातभार लावायचा आहे त्यांनी मेळाव्याच्या दिवशी मला गाठावे.